ताउनोचा हिरवा दिवा

ताउनो हाक्कोलाला होडीत बसलं की उलटी होते. समुद्र शांत असो, होडी धक्क्याला बांधलेली असो, त्याला काही फरक पडत नाही. कोक्कोलाच्या बंदरात त्याने आयुष्यभर क्रेनच्या विजेची कामं केली, पण प्रत्यक्ष जहाजावर चढायची वेळ आली की दुसऱ्याला पुढे करायचा. आणि या माणसाने जगाच्या टोकांवरच्या, पेंग्विनशिवाय कुणी राहत नाही अशा बेटांवर इतकी माणसं पाठवली की त्याचा हिशेब त्याच्याकडेही नसेल. तेही स्वतःच्या स्वयंपाकघरात, लोकरीचे मोजे घालून, एका बोटाने टाइप करत.

मी जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. आमच्याकडे त्या काळी हे काम बऱ्याच बायका करायच्या. पुढे जहाजांना आमची गरज उरली नाही, तेव्हा मी किनाऱ्यावर आले आणि बंदरातल्या हौशी रेडिओवाल्यांच्या हॅम क्लबात जाऊन बसायला लागले. क्लब म्हणजे जहाजं बंदरात आणणाऱ्या पायलट लोकांची जुनी लाकडी खोली, मागे वाफेच्या स्नानाची सौना आणि छपरावर अँटेनांचं जंगल. ताउनो पहिल्या दिवशी माझ्याशी एकच वाक्य बोलला, "कॉफी संपलीय." पुढच्या वेळी तेवढंही बोलला नाही. मला माणूस आवडला.

ज्यांना हा छंद नाही त्यांना तो समजावून सांगायच्या भानगडीत मी पडत नाही. तरी थोडक्यात सांगते. समुद्रात कुठेतरी एक ओसाड बेट असतं. तिथे माणूस नाही, म्हणून रेडिओही नाही. मग डझन-दीड डझन वेडे जहाज भाड्याने घेऊन तिथे जातात, तंबू ठोकतात, जनरेटर लावतात आणि जगाला हाका मारत बसतात. इकडे जगभरातले हजारो वेडे एकाच वेळी त्यांच्या नावाने ओरडायला लागतात. त्या गदारोळातून तुमचं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, बेटावरच्या माणसाने उचललं, "ऐकू आलास" म्हणाला, तुम्ही "तूही ऐकू आलास" म्हणालात, की तुमची नोंद लॉगमध्ये पडली. संपलं बोलणं. एवढ्यासाठी माणसं सख्ख्या भाचीचं लग्न चुकवतात.

पूर्वी या मोहिमा म्हणजे नुसती भांडणं असायची. कुणी कुठल्या रेडिओवर कधी बसायचं, कोण झोपणार, पेट्रोलचे कॅन कुठल्या तंबूत ठेवायचे, हे सगळं कागदावर असायचं, आणि कागद पहिल्याच वादळात उडून जायचा. एकदा क्लबात कुणीतरी हे रडगाणं गात होतं. ताउनो कोपऱ्यात बसून ऐकत होता. काही महिन्यांनी त्याने क्लबातल्या संगणकावर काहीतरी चढवलं आणि "बघा" म्हणून घरी निघून गेला. त्याचं नाव त्याने ठेवलं होतं वुओरो, म्हणजे पाळी. माणसं, पाळ्या, रेडिओ, पेट्रोल, झोप, सगळं एका पडद्यावर आलं होतं. सगळ्या तंबूंमधल्या नोंदी एकत्र यायच्या, आणि एकच माणूस दोनदा आला तर तेही कळायचं. आणि वरच्या ओळीत प्रत्येक रेडिओचा एक दिवा असायचा. काम चालू असेल तर हिरवा, बंद असेल तर लाल.

काही वर्षांत जगातली कुठलीही मोठी मोहीम वुओरोशिवाय निघेना. जपानी, ब्राझिलियन, पोलिश लोकांची ताउनोला पत्रं यायची. तो त्यांना दोन ओळींत उत्तर द्यायचा आणि फुकट द्यायचा. त्या बदल्यात लोक बेटांची कार्डं पाठवायचे, ती त्याने फ्रिजवर लावली होती. लग्न त्याने केलं नव्हतं. दर रविवारी जेवायला मात्र तो क्लबातला ओस्सी आणि त्याची बायको राइली यांच्याकडे असायचा. घर म्हणण्यासारखं त्याला तेवढंच होतं.

ओस्सी कोक्कोलाची बस चालवायचा. उंच, लालबुंद चेहऱ्याचा आणि बोलका. आमच्या भागात बोलका माणूस सापडला की लोक त्याला जपतात. प्रत्येक वाक्याआधी तो खाकरायचा. इतका, की बसमधली शाळकरी पोरं पुढच्या थांब्याचं नाव सांगताना आधी खाकरायची. राइली म्हणायची, लग्नाची मागणीही यांनी खाकरूनच घातली, मला वाटलं, घशात काही अडकलंय. ती ग्रंथालयात काम करायची. बोलणं कमी आणि लक्ष सगळीकडे.

दिव्याची गोष्ट तिच्याच टेबलावर ठरली. त्या रविवारी मीही होते. ओस्सी नुकताच एका मोहिमेवरून परतला होता आणि चिडलेला होता.

"ताउनो, तुझा तो दिवा आहे ना," तो खाकरून म्हणाला, "तो मी फोडणार आहे एक दिवस."

"का?"

"का म्हणजे? मी तिथे थंडीत बसून घसा फोडतोय. बँड मेलेला, लाटाच कुठे पोचत नाहीत, एक कुत्रं उत्तर देत नाही. लॉगमध्ये नवी नोंद नाही म्हणून तुझा दिवा लाल. मग तो यॉरान जेवणाच्या तंबूतून वॉकी-टॉकीवर ओरडतो, ओस्सी झोपलास काय! अरे, बँड मेलाय, मी नाही!"

यॉरान म्हणजे आमच्याकडच्या बऱ्याच मोहिमांचा म्होरक्या. माणूस वाईट नाही, पण लाल दिवा दिसला की त्याच्या अंगाचा तिळपापड होतो.

"मग काय करू?" ताउनोने विचारलं.

"नोंदीवर नको ना लावूस तो. रेडिओवरून हाक जातेय म्हणजे माणूस कामावर आहे. हाक चालू, दिवा हिरवा. सोपं आहे."

"पण हाक मशीनही मारतं की," मी म्हणाले. आपल्याच आवाजात एकदा हाक भरून ठेवायची, बटण दाबलं की मशीन ती परत परत पाठवतं, आणि माणसाला घसा सांभाळून फक्त ऐकता येतं. हे सगळेच वापरतात.

"तू गप बस गं सिर्क्का," ओस्सी हसत म्हणाला. "मशीन मारेल की हाक. तेवढ्यात माणूस चहा पिईल, मुतून येईल. तेवढंही सुख बघवत नाही का तुला? ताउनो, माझ्यासाठी एवढं कर रे."

"बटाटे गार होतायत," राइली म्हणाली आणि ताउनोच्या ताटात बटाटे वाढले. "दिव्याचं नंतर बघा."

ताउनोने त्याच आठवड्यात बदल करून टाकला. ओस्सीने मागितलेलं त्याने कधी नाकारलंय असं मला आठवत नाही. जगभरातून त्याचं कौतुक झालं. लोकांनी लिहिलं, आता कुठे हा दिवा माणसात आला. मग सगळ्यांनाच सवय लागली. जरा पाठ टेकायची असली की मशीन चालू करून द्यायचं. याला आमच्यात 'दिवा हिरवा ठेवणं' असं म्हणायला लागले. यॉरानलाही ते माहीत होतं, आणि तो स्वतःही तेच करायचा.

त्यानंतरची मोठी मोहीम दक्षिणेकडच्या एका बेटावर होती. खडक, बर्फ आणि वारा, बाकी तिथे काही नाही. दोन छावण्या होत्या. मोठी खाली, तिथे जेवणाचा तंबू आणि सोबत आलेली नॉर्वेची डॉक्टर. दुसरी टेकाडापलीकडे, तिथे एकच तंबू आणि एक रेडिओ. एकमेकांच्या अँटेनांचा त्रास नको म्हणून असं लांब ठेवावं लागतं. पलीकडच्या तंबूत एका वेळी एकच माणूस बसायचा आणि पाळी संपली की दुसरा चालत जाऊन त्याला सोडवायचा.

ओस्सी जाणार म्हटल्यावर ताउनोने राइलीच्या स्वयंपाकघरात एक रिसीव्हर बसवून दिला. खिडकीतून तार नेली, बटणावर नेलपॉलिशचा ठिपका लावला आणि म्हणाला, "हे इथून हलवू नकोस. तो बोलेल तेव्हा ऐकू येईल." राइलीला आमच्या छंदाचा कंटाळाच होता. पण त्या दिवसांत तिने रिसीव्हर बंद केला नाही. विणकाम घेऊन बसायची. जगाच्या दुसऱ्या टोकावरून नवरा खाकरलेला ऐकू येतो, याचं तिला हसूही यायचं आणि बरंही वाटायचं. ग्रंथालयात सांगायची, काल तो बराच खाकरत होता, मफलर घालत नसणार.

तो रविवार होता. आम्ही सात-आठ जण क्लबात जमलो होतो. दुपारी बेटाचा सिग्नल असा काही जोरात यायला लागला की शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखा ओस्सीचा आवाज येत होता. "बेट बोलतंय, बेट बोलतंय. ऐकतोय, जरा वरच्या बाजूला ऐकतोय." वरच्या बाजूला म्हणजे तो स्वतः बोलतो त्याच्या जरा वरच्या फ्रिक्वेन्सीवर, आणि तिथे जगभरातून त्याच्यावर हाकांचा पाऊस पडत होता. ताउनो माईकपाशी बसला. आपल्या माणसाशी बोलायचं, पण रांगेत उभं राहून बोलायचं, ही आमच्यातली रीत. ओळख लावून लॉगमध्ये शिरणं ही लाजेची गोष्ट. त्याहून मोठी लाज म्हणजे बेटावर निरोप पाठवून सांगणं, की अरे, मी हाका मारतोय, मला घे. तसं करणाऱ्याला क्लबात चार वर्षं ऐकवतात.

ताउनोने हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. ओस्सी आपला "ऐकतोय, ऐकतोय" म्हणत राहिला, आणि घेत कुणालाच नव्हता. जर्मन ओरडले, इटालियन ओरडले. मग लोकांनी इंटरनेटवर शिव्या द्यायला सुरुवात केली, हा कुठला बहिरा बसवलाय.

आमच्यात अशा माणसाला मगर म्हणतात. मोठं तोंड आणि कानांचा पत्ता नाही. "ओस्सीची मगर झाली!" कुणीतरी म्हणालं, आणि आम्ही सगळे हसलो. कॉफीचे कप हातात घेऊन पोट धरून हसलो. परत आला की त्याला रबरी मगर भेट द्यायची असंही ठरलं.

"त्याची अँटेना पडली असेल," ताउनो म्हणाला. "पाठवता येतंय, ऐकू येत नसेल. वारा आहे तिथे." आणि त्याने बाजूच्या पडद्याकडे बघितलं. वुओरोच्या वरच्या ओळीत पलीकडच्या तंबूचा दिवा हिरवा होता. उपग्रहावरून घरी दिवे सतत दिसायचे. नोंदी मात्र दिवसातून एकदाच गठ्ठ्याने यायच्या. म्हणजे ओस्सीला लॉगमध्ये कुणी मिळतंय की नाही, हे इथून कळायला मार्ग नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. राइली होती. खोलीत गोंगाट, म्हणून ताउनोने तिला स्पीकरवर घेतलं. त्यामुळे ते बोलणं आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"ताउनो, तो ठीक आहे ना?"

"ओस्सी? हो की. बोलतोय की तो. ऐकू येत नाही का तुला?"

"ऐकू येतंय. पण तो खाकरत नाहीये."

कुणीतरी फस्सकन हसलं. ताउनोने हाताने गप्प केलं.

"मशीन लावलं असेल," तो म्हणाला. "भरून ठेवलेली हाक असते ती. घसा सांभाळतोय."

"तेच म्हणतेय मी. मघापासून तेच आहे. मधे काहीच नाही. तो कुणाशी बोलत का नाही?"

"अँटेनेची भानगड असेल काहीतरी."

"तू बघितलंस का? नीट बघितलंस?"

ताउनोने पुन्हा पडद्याकडे बघितलं. त्या पडद्यावर निरोपाची चौकटही होती. दोन शब्द टाइप केले असते तर खाली जेवणाच्या तंबूत ते दिसले असते. ओस्सी ठीक? एवढंच. पण तो आत्ताच हाका मारून मारून हात हलवत परत आला होता, सगळ्यांसमोर. आता निरोप धाडला तर यॉरान काय म्हणेल, आम्ही काय म्हणू, हे त्याच्या तोंडावर मला स्पष्ट दिसलं. लॉगमध्ये घेतलं नाही म्हणून पोरगं रडायला लागलं.

"बघतोय ना मी," तो म्हणाला. "सगळं ठीक आहे, राइली. तू विणकाम कर."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

खालच्या छावणीत काय चाललं होतं ते यॉरानने मागाहून सांगितलं. त्यांना तिकडून एकही नवी नोंद येताना दिसत नव्हती. पण त्यांचे रेडिओ दुसऱ्या बँडवर होते. त्यांना ओस्सीचा बँड ऐकू येत नव्हता, फक्त पडदा दिसत होता. दिवा हिरवा, नोंदी शून्य. त्यांना वाटलं, बँड मेलाय, ओस्सी बिचारा हाका मारत बसलाय. आम्हाला इथे माहीत होतं की बँड पूर्ण जिवंत आहे आणि तो उत्तर देत नाही. अर्धी गोष्ट त्यांच्याकडे होती, अर्धी आमच्याकडे. मधे फक्त ती निरोपाची चौकट होती.

वाऱ्यामुळे पाळी बदलायला निघालेला माणूस बराच वेळ टेकाड चढू शकला नाही. अखेर पोचला तेव्हा तंबूतून ओस्सीचा आवाज येत होता, "ऐकतोय, ऐकतोय." तो बाहेरूनच ओरडला, "आलो रे, आलो!" आणि चेन उघडून आत गेला.

ओस्सीला घरी आणायला बरेच दिवस लागले. आधी जहाज, मग कागदपत्रं, मग विमान. पुरताना जमीन इतकी गोठलेली होती की आधी तिला ऊब देऊन मऊ करावी लागली. आमच्यात कुणी गेलं की त्याची चावी शांत झाली असं म्हणतात, चावीने टकटक करून मोर्सचे संदेश पाठवायच्या दिवसांपासून चालत आलेलं बोलणं आहे ते. पाद्र्यानंतर यॉरान बोलायला उभा राहिला आणि त्याच वाक्यापाशी थांबून खाली बसला. ओस्सीची चावी शांत कुठे झाली होती? तो गेल्यावरही हाका मारत होता, आणि अर्धं जग त्याला बहिरा म्हणत होतं. मला तिथे कबरीपाशी संताप आला. कुणाचा ते तेव्हा कळलं नाही. आजही नीट कळत नाही.

नंतर सभागृहात कॉफी आणि सॅल्मनचं सूप होतं. लोक एकेक करून राइलीपाशी जात होते. ती प्रत्येकाला तेच सांगत होती.

"मी दुपारी ताउनोला फोन केला होता. त्याने बघितलं होतं, तोवर तो ठीक होता. म्हणजे एकदमच झालं असणार. त्रास झाला नाही त्याला."

ताउनो तिच्या शेजारीच उभा होता. हातातली बशी त्याने शेवटपर्यंत खाली ठेवली नाही आणि त्यातलं काही खाल्लंही नाही.

यॉरानने आम्हा दोघांना बाहेर नेलं. बर्फात उभं राहून, बूट बघत बोलला. डॉक्टरने त्याला सांगितलं होतं ते असं. ओस्सीने हेडफोन काढून नीट ठेवले होते. मशीन चालू केलं होतं. टेबलावर जळजळीच्या गोळ्यांचं पाकीट फोडलेलं होतं, थर्मासमधला चहा ओतून प्यायलेला होता. मग बूट काढून तो कॉटवर आडवा झाला होता. वॉकी-टॉकी टेबलावर चार्जिंगला होता.

"म्हणजे त्याला वाटलं, पित्त आहे," यॉरान म्हणाला. "जरा पाठ टेकू, तेवढा दिवा हिरवा राहील."

"आणि?" मी विचारलं.

"एक बूट परत घातलेला होता."

यॉरान बुटाने बर्फ उकरत राहिला.

"डॉक्टर म्हणते, बराच वेळ जिवंत होता तो. हृदयाला झटका द्यायचं मशीन तिच्याकडे होतं, औषध होतं. कुणी गेलं असतं तर..." यॉरानने नाक पुसलं. "राइलीला यातलं काही सांगायचं नाही. तिला वाटतंय एकदम झालं, तर वाटू दे. तिचं तेवढं तरी राहू दे. ताउनो, कळलं ना?"

ताउनोने मान हलवली. पण त्याने हिशेब केला होता, ते मला दिसत होतं. राइलीने फोन केला तेव्हा ओस्सी त्या बुटापाशी कुठेतरी होता. कदाचित त्याच्याही आधी. कदाचित अजून उठलाही नव्हता.

त्या हिवाळ्यात ताउनोने दिवा परत नोंदीवर आणला. शिवाय एक नवीन गोष्ट घातली. दर थोड्या वेळाने पडद्यावर प्रश्न यायचा, आहेस का? आणि माणसाने स्वतःच्या हाताने बटण दाबायचं. लोकांनी सुरुवातीला ओस्सीच्या नावाने हळहळ व्यक्त केली आणि मग तक्रारी सुरू केल्या. पाळीत व्यत्यय येतो, झोपमोड होते. वसंतापर्यंत कुणीतरी ते बटण आपोआप दाबणारा छोटासा प्रोग्रॅम लिहिला आणि सगळ्यांना वाटला. ताउनोने तो मला क्लबात दाखवला. "चांगला लिहिलाय," एवढंच म्हणाला. त्यानंतर त्याने वुओरोला हात लावला नाही. लोक वापरतात अजून. त्यांना त्याची गरजही उरलेली नाही.

रविवारी जेवायला जाणं मात्र त्याने सोडलं नाही. सोडता आलं असतं तर बरं झालं असतं. राइली तीन ताटं मांडायची, एक तिचं, एक त्याचं, एक कुणी आलं तर. कुणी आलंच तर तिचं ते वाक्य यायचंच. ताउनोने बघितलं होतं, तोवर तो ठीक होता. ताउनो बटाटा तोंडात घालून तसाच बसायचा. मी दोनदा बघितलं ते. तिसऱ्यांदा बघायची माझी तयारी नव्हती, म्हणून मी जायचं टाळायला लागले. एक दिवस तोच माझ्या दारात उभा राहिला. टोपी हातात.

"मी तिला सांगणार आहे," तो म्हणाला.

"यॉरानने काय सांगितलं होतं?"

"ती सगळ्यांना माझं नाव सांगते, सिर्क्का. मला तिथे जेवण जात नाही. आणि गेलो नाही तर..." त्याने टोपी हातातल्या हातात फिरवली. "सांगितलं तर ती परत येऊ देणार नाही बहुतेक."

"मग नको सांगूस."

"तू चल माझ्याबरोबर."

ताउनोने स्वतःसाठी काही मागितलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी कोट घातला.

राइली दार उघडून आत गेली, आम्ही बूट काढले. कपाटावर तो रिसीव्हर अजून होता, बटणावरच्या नेलपॉलिशच्या ठिपक्यासकट. टेबलावर ताटं होती, डिलची पानं घातलेले बटाटे होते. ताउनो खुर्चीत बसला नाही. उभ्यानेच बोलला, भिंतीकडे बघून, आणि आयुष्यात एका दमात बोलला नव्हता इतकं बोलला. दिवा कशावर चालायचा ते. ओस्सी गेल्यावरही तो हिरवा राहिला असता ते. त्याने फक्त दिवाच बघितला होता ते. निरोप पाठवता येत होता आणि पाठवला नाही, का पाठवला नाही, तेही. गोळ्या, चहा, बूट. एकदम झालेलं नव्हतं.

राइलीने बटाट्यांच्या भांड्यावर झाकण ठेवलं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

ताउनोने वळून बघितलं.

"दिवा कशावर चालतो ते याच टेबलावर ठरलं, ताउनो. बटाटे मी वाढत होते. तुम्हाला काय वाटलं, मी बहिरी आहे?" तिचा आवाज चढला नव्हता. "मला दिवा माहीत होता म्हणून तर मी तुला फोन केला. मी म्हटलं, ताउनोकडे दुसरं काहीतरी असेल. त्याला तिथे विचारता येत असेल. मी दिव्याबद्दल विचारलं नव्हतं. ओस्सीबद्दल विचारलं होतं."

"मग ते सगळ्यांना का सांगत होतीस तू?" मी म्हणाले. मला गप्प बसवेना. "याने बघितलं होतं म्हणून?"

"हा समोर उभा असायचा म्हणून," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी वाटायचं, आज बोलेल. अंत्यविधीला बोलेल. नाताळला बोलेल. मी आपली बघत होते, हा किती दिवस हिरवा राहतो."

मला वाटलं, आता ती त्याला जा म्हणेल. त्यालाही तेच वाटलं असावं, कारण त्याने टोपी घालायला हात वर केला. मला तेव्हा मनापासून वाटत होतं की तिने त्याला हाकलावं, शिव्या द्याव्या, काहीतरी फेकून मारावं.

ती आतल्या खोलीत गेली आणि लॅपटॉप घेऊन आली. "एका इटालियन माणसाने रेकॉर्डिंग पाठवलंय," ती म्हणाली. "सांत्वनाचं पत्र लिहिलंय सोबत. त्याला वाटलं, नवऱ्याचा शेवटचा आवाज आहे, बायकोला हवा असेल. ती पूर्ण दुपार आहे यात. खूप मोठं आहे ते."

तिने ताटं बाजूला सारली आणि लॅपटॉप ताउनोच्या नेहमीच्या जागेसमोर ठेवला. बटण दाबलं. खरखर आली, वाऱ्यासारखा गोंगाट, आणि त्यातून स्वच्छ, शेजारच्या खोलीतून आल्यासारखा ओस्सी बोलायला लागला. बेट बोलतंय, बेट बोलतंय. ऐकतोय, जरा वरच्या बाजूला ऐकतोय.

"बस," राइली म्हणाली.

ताउनो बसला.

"तो खाकरला की मला हाक मार."

तिने अंगात जाकीट चढवलं आणि मागच्या दाराने अंगणात गेली. थोड्या वेळाने बर्फ लोटायच्या फावड्याचा आवाज यायला लागला. आत ओस्सी हाका मारत होता, थांबत होता, पुन्हा मारत होता, आणि प्रत्येक हाकेच्या आधी ताउनोची मान किंचित पुढे जात होती. मी म्हटलं, "ताउनो, चल." त्याने बोट ओठांवर ठेवलं, गप्प राहा म्हणून.

मी बूट घातले. तो उठला नाही.